काचेतल्या समुद्राला वाहिलेली शिवराई

मूठभर मीठ.

मे महिन्यात गोठवलेल्या पाण्याची बाटली.

"भैया, ये प्लास्टिक का है क्या?"

रेल्वेची खिडकी, खाली बेतवा.

काचेवर हळदीचं बोट.

तांबं.

मित्रांनो, मी एक जुना प्रवाळाचा तुकडा आहे. तुटक सांगतोय, कारण माझं अंगच तसं आहे. बटणाएवढी पुष्कळ तोंडं, आणि खाली सगळ्यांना जोडणारी एकच कातडी. कोणी मला झाड समजतं, कोणी दगड. मी प्राणी आहे.

मिलिंदने मला पिशवीभर खाऱ्या पाण्यातून घरी आणलं. तो झाशीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये आहे. इथे समुद्र कुठला? शुद्ध केलेल्या पाण्यात मीठ कालवून त्यानेच तो बनवला, बैठकीच्या खोलीत, काचेच्या टाकीत. उन्हाळ्यात लूचा गरम वारा सुटला की पाणी भराभर उडून जायचं आणि मीठ मागे राहायचं, म्हणून तो रोज गोडच पाणी वरून घालायचा. वीज गेली की गोठवलेली बाटली टाकीत तरंगत ठेवायचा. लक्ष्मी गेट भागातले त्याचे मित्र मला बघायला यायचे, प्लास्टिकचा आहे का म्हणून विचारायचे. माझी तोंडं हिरवी-केशरी फुलायची. ते कौतुकाचे दिवस होते.

पण माझ्यासमोर सगळ्यांत जास्त बसायच्या त्या त्याच्या आई, उषाताई. मूळच्या मालवणच्या. रेल्वेतल्या नवऱ्याबरोबर झाशीला आल्या आणि इथल्याच झाल्या. काचेला कपाळ टेकून मला विचारायच्या, "काय रे, आमच्या गावाकडचाच ना तू?"

श्रावणात नारळी पौर्णिमा आली. घरात दुसरं कोणी नव्हतं. उषाताईंनी काचेला हळदकुंकू लावलं, टाकीपुढे नारळ ठेवला आणि देव्हाऱ्यातली शिवराई, ते जुनं तांब्याचं नाणं, अलगद पाण्यात सोडली. हात जोडून म्हणाल्या, "शांत राहा रे बाबा." नाणं माझ्या दगडामागे घसरलं.

टाकीतल्या माशांनी तांबं सोसलं. आम्हा बिनकण्याच्यांना ते विष. आधी गोगलगाय काचेवरून गळून पडली. मग माझी तोंडं कडेकडेने मिटू लागली. मिटली ती उघडेनात.

मिलिंदने मीठ तपासलं, उष्णता तपासली, दिवा मंद केला. सगळं ठीक होतं. "टाकीजवळ कुणी फिनाईल, डासांचं औषध मारलं का?" त्याने विचारलं.

"छे रे. मी तर मारूच देत नाही," उषाताई म्हणाल्या.

जगन्नाथराव, त्याचे वडील, निवृत्त गार्ड. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "हिलाच विचार. चिरगाँवला जाताना बेतवा आली की हिचं नाणं खिडकीबाहेर गेलंच म्हणून समज. घरात आयता समुद्र मिळाल्यावर सोडेल होय?"

थट्टाच होती. पण उषाताई हसल्या नाहीत.

"आई?"

"पौर्णिमेला वाहिली. देवातली शिवराई. हल्लीची ती लोखंडी नाणी कशी वाहायची?"

मिलिंदने कोपरापर्यंत हात घालून शिवराई बाहेर काढली. नाणं हिरवं पडलं होतं.

"आई, ये समुंदर नहीं है! काचेची पेटी आहे ही!"

"मग मीठ कशाला घालतोस रे?"

उषाताई खुर्ची ओढून माझ्यापुढे बसल्या.

"जगेल ना?"

"मालूम नहीं, आई."

त्याने पाणी पुन्हा पुन्हा बदललं, कोळशातून गाळलं. पण दगडाने तांबं पिऊन घेतलंय, ते थोडं थोडं सुटतंच आहे. एका कोपऱ्यात माझी थोडी तोंडं अजून उघडतात. बाकीची जागा पांढरी, बुळबुळीत. आता वरचं पाणी उषाताईच घालतात, मिलिंदला विचारून, पळीपळीने. मला मात्र त्या काही विचारत नाहीत.

मित्रांनो, समुद्राला एक नाणं कळतही नाही. माझ्या एवढ्याशा पाण्याला कळतं. ज्याच्यावर जीव आहे त्याच्या पाण्यात हात घालण्याआधी, त्याला काय सोसतं ते कुणाला तरी विचारा. मला स्वतःला सांगता येत नाही. मला फक्त मिटता येतं.

आणि हो, मी उषाताईंच्या गावाकडचा नाही. माझा जन्म पुण्यातल्या एका गच्चीवरच्या टाकीत झाला.