कोळशातला मुक्काम

आक्का दुखण्यातून उठून प्रयोगशाळेत परत आली, तेव्हा सरांनी तिच्या गळ्यात वापरलेला कोळसा मारला. कापड रंगवण्याच्या कारखान्याचं सांडपाणी साफ करून करून तो दमला होता. त्याच्या बारीक छिद्रांत रंग गच्च भरला होता. तो स्पिरिटने धुवायचा आणि छिद्रं पुन्हा मोकळी होतात का, ते मोजायचं. झाली तर आक्काचं काम चालू, नाही तर तिची रवानगी बाटल्यांच्या कोठीत. सरांनी तसं गोड बोलून सांगितलंही होतं.

आणि मेला कोळसा हटूनच बसला. धुताना रंग भसाभसा बाहेर यायचा, पण मोजायला घेतला की मोकळी छिद्रं आधीपेक्षाही कमी. सर म्हणाले, स्पिरिटने आतल्या भिंती ढासळल्या असणार, नाद सोड. आक्का कसली सोडतेय! एवढ्या आजारपणाला पुरून उरलेली बाई मूठभर कोळशापुढे हात टेकणार होती होय?

एका दुपारी खिडकीत उन्हात राहिलेली कोळशाची बाटली तिने उघडली आणि स्पिरिटचा भपकारा आला. आक्का जागच्या जागी थबकली. दाणे सुटे पडायला लागले की कोळसा वाळला, असं सगळेच धरून चालत, तीही. पण हा वरून कोरडा दिसतो, पोटातलं काही सांगत नाही. रंगाला हाकलायला पाठवलेलं स्पिरिट, पाहुण्याला घालवायला गेलेल्या माणसासारखं, स्वतःच आत मुक्काम ठोकून बसलं होतं. म्हणजे भिंती ढासळल्या नसाव्यात! आनंदाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तिने भट्टीपाशी ठाण मांडलं. पंपाने हवा ओढून घेत, वास पुरता जाईपर्यंत कोळसा तापवला. कोणी भट्टी मागायला आलं की त्याला सरळ वाटेला लावलं. नव्या मोजणीत बहुतेक छिद्रं मोकळी निघाली. जी अगदी बारीक होती, त्यांत मात्र रंग रुतला होता, तो काही केल्या निघाला नाही.

सर खूश झाले. नव्यासारखा झाला असंच लिहून टाकू, म्हणाले. आक्काने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नव्यासारखा नाही झाला, सर," ती म्हणाली. "थोडं आत राहिलंय, ते राहणारच. पण कामाचा आहे."

 टेबलावर काढून ठेवलेली कोठीची किल्ली सरांनी गुपचूप खणात टाकली.