क्रूसबाबांचा ताबा

आमच्या आणि क्रिसांताकाकूंच्या घराच्या मध्ये एक मोकळी पट्टी होती. एक खाट मावेल आणि वर पाय टाकायला थोडी जागा, एवढीच. ती कुणाचीच नव्हती. लिमाच्या या टेकडीवर मुळात कुणाचंच काही नव्हतं, जो राहील त्याची जागा. आईबाबांनी आमचं घर असंच राहून राहून आपलं केलं. मला पंधरावं लागलं तेव्हा बाबा म्हणाले, "मार्योरी, ती बाजूची जागा म्हणजे तुझी खोली."

मला खोली किती हवी होती ते सांगते. मी आणि माझे दोन भाऊ एका खाटेवर झोपायचो आणि ते दोघे झोपेत फुटबॉल खेळायचे.

पण आमच्याकडे नुसतं माझी म्हणून भागत नाही. राहणं दिसावं लागतं. वस्तीचे प्रमुख फेर्मिनकाका दर रविवारी फेरी मारतात. चुलीवर हात धरून ऊब बघतात, भांड्यात नाक घालतात, गादी दाबतात. सकाळपासून अंधार पडेपर्यंत जागेवर कुणीच नसेल तर जागा सुटली. मग जो बसेल त्याची. त्यामुळे आमच्या टेकडीवर लग्नालासुद्धा अख्खं घर जात नाही. एक जण मागे राहून चुलीपाशी रुसून बसतो.

माझ्या भिंतींसाठी बोरूच्या चटया यायच्या होत्या. चटयावाला आला नाही, आणि संध्याकाळी बघतो तर त्या पट्टीत दोरी बांधून क्रिसांताकाकूंनी कोंबड्या सोडलेल्या.

"जरा हवा खाऊ देत त्यांना," काकू म्हणाल्या.

"तुमच्या दारात हवा नाही का?" आईने विचारलं.

"आहे गं निएवेस, पण ती त्यांनी खाऊन संपवली."

बाबांनी घाईघाईत जे केलं ते आमच्या इथल्या कुणीही केलं असतं. एका मोडक्या खाटेच्या दोन फळ्या घेतल्या, आडव्याउभ्या ठोकल्या, हिरवा रंग फासला आणि क्रूस जागेच्या मधोमध रोवला. क्रूसाला इथे कुणी धक्का लावत नाही. बसच्या सीटवर पिशवी ठेवून जागा धरतात, तसंच. चटया आल्या की उचलून ठेवू. काकूंनी कपाळाला, छातीला हात लावून क्रूसाची खूण केली आणि मुकाट कोंबड्या घरी नेल्या.

त्यात एक कमी भरली. तांबडी. काकूंनी तिच्यासाठी टेकडी पालथी घातली, खूप दिवस शोधलं, आणि शेवटी आमच्या क्रूसापुढे उभं राहून म्हणाल्या, "आता तूच बघ बाबा." दुसऱ्याच सकाळी तांबडी क्रूसामागच्या दगडांतून बाहेर आली, आणि तिच्यामागे पिल्लांची रांग.

झालं. आठवड्याभरात क्रूसापुढे मेणबत्त्या, फुलं, उकडलेले बटाटे. वरच्या अंगाला राहणाऱ्या शिंपीणबाईंनी जरीचा शेला आणून घातला. कुणी गुडघ्यासाठी यायचं, कुणी नोकरीसाठी. माझ्या वर्गातली याझ्मिन गणितासाठी येऊन गेली आणि पास झाली. मी अभ्यास केला होता. मी काठावर. चटयावाला उगवला तेव्हा त्याने आधी गुडघे टेकले, आणि मग क्रूसबाबांच्या जागेवर भिंती घालायला आपण चटया देणार नाही म्हणून निघून गेला.

"बाबा, उचला ना आता तो," मी म्हटलं.

"उचलतो की." बाबांनी क्रूसाला हात लावला आणि मागे घेतला. "निएवेस, तू एका बाजूने धर."

"मी? तुम्ही रोवलात, तुम्हीच उपटा. माझ्या भावाचं ऑपरेशन आहे, मी नाही वाकडं घेणार."

"खाटेच्या फळ्या आहेत गं त्या."

"होत्या," आई म्हणाली.

रविवारी फेर्मिनकाका आले. मेणबत्त्यांवर हात धरला. ताटलीत नाक घातलं. "बटाटा. आजचाच." फुलांना बोट लावून बघितलं, आलेल्या-गेलेल्यांच्या पायवाटेकडे बघितलं आणि कंबर सरळ केली. "राहणं आहे. चांगलं पक्कं राहणं आहे. ही जागा क्रूसबाबांची."

"काका, ते झोपत नाहीत," मी म्हणाले.

"तू बघत बसली होतीस?"

"खातही नाहीत. बटाटे कोंबड्या खातात."

"आल्यागेल्याला खाऊ घालतं तेच घर, पोरी. आणि ते रोवल्यापासून एकदाही बाहेर पडलेले नाहीत. तू रोज शाळेत जातेस."

शाळेतच मला सुचलं. बाई पाठ वाचत होत्या आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. तीन मे. त्या दिवशी टेकड्यांवरचे सगळे क्रूस खाली चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जातात. सकाळी खांद्यावरून निघतात आणि अंधार पडल्यावर वाजतगाजत परततात. म्हणजे मालक दिवसभर बाहेर. मी मोठ्याने हसले. बाईंनी वर्गाबाहेर काढलं. परवडलं.

तीन मेला बँड आला, फटाके वाजले, माणसांनी क्रूसबाबांना उपटून खांद्यावर घेतलं. मी शहाण्या मुलीसारखा हात हलवला. मिरवणूक वळणाआड जाताच ब्लँकेट घेऊन जागेत उडी मारली. समोरून एक गादी उडत आली आणि गादीमागोमाग क्रिसांताकाकू.

"उठ मार्योरी. कोंबड्यांसाठी हवीये मला. पिल्लं वाढली त्यांची."

"मला माझ्यासाठी हवीये. मीपण वाढलेय."

कुणीच उठेना, म्हणून आम्ही पाठीला पाठ लावून बसलो. दुपारपर्यंत दोघींपैकी एकीनेही संडासला जायचं नाव काढलं नाही. आईने मला उकडलेलं कणीस दिलं आणि काकूंनाही दिलं, शेजारीण आहे म्हणून. मग मेलितोनआजोबा चढ चढून आले.

"आजोबा, क्रूसबाबा मिस्साला गेलेत," मी म्हटलं.

"माहितीये. पण मी एवढा चढून आलोय. तुम्ही ऐकून ठेवा आणि त्यांना सांगा." त्यांनी टोपी काढली आणि लघवीच्या तक्रारीचं पहिल्यापासून वर्णन केलं. त्यांच्यामागे एक बाई, तिच्यामागे आणखी एक. तिसरीने आमच्यापुढे मेणबत्तीच लावली.

"हलू नकोस," काकू कुजबुजल्या.

"मी नाही हलत, तुम्हीच ढकलताय."

अंधार पडल्यावर मिरवणूक परतली. बँडवाल्यांनी मक्याची दारू, चिचा, जरा जास्तच घेतली होती. क्रूसबाबांच्या जागी गादी, आणि गादीवर आम्ही.

मी उभी राहिले. पायांना मुंग्या आल्या होत्या, पण आवाज खणखणीत होता. "फेर्मिनकाका, क्रूसबाबा आज दिवसभर घरी नव्हते. नियम तुमचाच आहे."

"ते मिस्साला गेले होते."

"आपल्या वस्तीतले रोकेमामाही त्यांच्या वारलेल्या आईच्या मिस्सालाच गेले होते. त्यांची जागा कुणी घेतली?"

सगळ्यांनी त्या जागेवर उभ्या असलेल्या फेर्मिनकाकांच्या दुकानाकडे बघितलं. काकांनी घसा साफ केला. "नियम म्हणजे नियम. क्रूसबाबांची जागा सुटली. आता ते बेघर."

बायकांनी तोंडावर हात घेतला. "बेघर तर बेघर, पण लवकर ठरवा," खांदेकरी म्हणाला, "माझा खांदा गेला."

"माझ्याकडे राहू देत," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"कुठे ठेवशील, क्रिसांता?" फेर्मिनकाकांनी विचारलं.

"इथेच, खुराड्यात. कोंबड्यांना त्यांची सवय आहे."

शिंपीणबाई पुढे आल्या आणि शेल्याचं टोक हातात धरलं. "या शेल्यापायी माझे डोळे गेले. आणि ह्यावर तुझ्या कोंबड्या बसणार?"

"माझ्याकडे खाट असेल आणि उशाशी ते," मी म्हणाले. "मी स्वच्छ असते."

"बऱ्यापैकी," आई म्हणाली.

"जागा मार्योरीची," फेर्मिनकाकांनी जाहीर केलं. "क्रूसबाबा तिचे पाहुणे."

तेवढ्यात धुक्याची बुरबुर सुरू झाली. शेला भिजणार म्हणून सगळी टेकडी पळापळ करायला लागली. कुणी पत्रा आणला, कुणी बांबू, कुणी खिळे. चटयावाल्याने सगळ्यात चांगल्या चटया दिल्या. बाबांना जमल्या नव्हत्या त्या माझ्या भिंती बँडची गाणी संपायच्या आत उभ्या राहिल्या. त्या रात्री मी एकटी झोपले, हातपाय चारी दिशांना टाकून.

सकाळी डोळे उघडले तर माझ्या पायांशी क्रिसांताकाकू मेणबत्ती घेऊन उभ्या. खालच्या अंगाला एक पडीक तुकडा आहे म्हणे, तो कोंबड्यांसाठी मागायचा होता.

"जरा बाहेर थांब, मार्योरी," त्या म्हणाल्या. "आमचं खाजगी आहे."

मी ब्लँकेट गुंडाळून माझ्या दाराबाहेर आले. तिथे रांग होती. पुढेच मेलितोनआजोबा होते. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मध्ये घुसायचं नाही हं," ते म्हणाले. "मागे जाऊन उभी राहा."