लालीला ठेवलं

लग्नात बापानं मला एक बकरी दिली. पोरीसंगं जनावर दिलं की सासरी तिचा शब्द राहतो, असं आमच्या शिरड शहापूरला म्हणतात. शब्द कसला राहतो, कप्पाळ! बकरीचं नाव लाली. सेनगावजवळच्या माझ्या सासरी आमी दोघी एकाच जीपमधून उतरलो.

सासऱ्याच्या, म्हंजी रामकिशनमामाच्या कोठ्यात सोयाबीनचं कुटार, म्हंजी भुसा, भरलेलं असायचं, आन त्यात उंदरांचा नुसता धुडगूस. म्हणून सासू आशाबाईनं वसमतच्या बहिणीकडून मांजर आणलं. त्या मांजरानं कुटारातच पिल्लं घातली, तिथंच घाण केली. रोज सकाळी हातानं टोपलं भरून लालीपुढं टाकायचं काम माझं. तवा मला दिवस गेलेले, लालीबी गाभण. सासू हसून म्हणायची, "दोघी बराबरच बाळंत व्हताल गं." लई बरं वाटायचं ते ऐकून.

पोळ्याच्या आधी लालीनं गाभ टाकला. मागोमाग मला ताप आला, मानेत गाठी आल्या, आन माझंबी लेकरू पोटातच गेलं. पोरगी होती. मी पाह्यली तिला. त्यावर मला आजूक बोलता येत न्हाई.

सासूचं हसणं तिथंच संपलं. "हिच्या बापाच्या घरचं वाणच खराब," म्हणाली. "बकरी तशी, पोरगी तशी. दोघीबी नकोत मला." लाली कसायाला आन मी माहेरी, असं ठरलं. माझा नवरा बालाजी खाली मान घालून नखं कुरतडत बसला. मेला नंदीबैल!

बकरीचा व्यापारी मातर हुशार. आधी डॉक्टरला दाखवा म्हणाला, रोगाची असली तर घेणार न्हाई. मंग गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी कोठा पाह्यला, मांजर पाह्यलं, लालीचं रक्त नेलं. परत आले ते ओट्यावर बसून सांगू लागले.

"मांजराच्या घाणीतून एक बारीक जंतू कुटारात येतो, तिथून बकरीच्या पोटात. आईचं अंग त्याच्याशी भांडतं, आणि त्या भांडणात गर्भ जातो. शास्त्रज्ञांनी गाभण उंदरांवर हे तपासून पाहिलंय. पण एकदा भांडलेलं अंग त्या जंतूला ओळखून राहतं. ही बकरी विकू नका. पुढच्या वेळी बहुतेक टिकेल. मांजर तेवढं कुटारापासून लांब ठेवा."

मामा खूश झाले. "मंग कशाला विकायची? ठेवू!"

मी दारामागं उभी होते. लाज सोडून बाहेर आले आन इच्यारलं, "डॉक्टरसाहेब, बाईमाणसाचंबी असंच असतं का?"

डॉक्टर म्हणाले, "मी जनावरांचा डॉक्टर, ताई. पण बरंचसं असंच असतं. हिंगोलीला जाऊन रक्त तपासून घ्या."

मी मामांकडं पाह्यलं. बालाजीकडं पाह्यलं. कुणीतरी 'व्हय, जाऊ' म्हणंल म्हणून वाट पाह्यली. सासू म्हणाली, "जनावराचं येगळं, माणसाचं येगळं."

लालीला ठेवलं. मला जीपमध्ये बसवलं. काडीमोड झाली, बालाजीचं दुसरं लग्नबी झालं. बाप माझ्यासमोर जेवताना मान वर करत न्हाई, त्याची मला जास्त तकलीफ होते.

काल सासूचा फोन आला. आवाजात गोडवा. "पुनम, तुझ्या लालीला दोन पिल्लं झाली गं. चांगली ठणठणीत हायेत. तुझ्या बापाची बकरी, म्हणून म्हणलं सांगावं."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लालीसाठी आलं का माझ्यासाठी, देव जाणे. मंग एकदम मनात आलं ते इच्यारलं.

"मामी, कुटार कोण भरतंय आता?"

"नवी सून भरती की. तिलाबी दिवस गेलेत."

"आन मांजर?"

"हाय की कोठ्यात. उंदरं लई झाल्यात."

"मामी, तुमच्या पाया पडते, त्या पोरीला कुटारात हात घालू देऊ नका! डॉक्टर काय म्हणाले होते, आठवतं ना? तिच्या अंगाला अजून त्या जंतूची वळख..."

"जळती व्हय गं तू?" सासू म्हणाली. "काहून तिच्या लेकराच्या वाईटावर उठलीस?"

फोन कट केला तिनं. मी परत लावला. बालाजीला लावला. आज सकाळपासून लावूनच राह्यले. कुणी उचलत न्हाई.