दहा मिनिटांचं घड्याळ

त्या दिवशी ऑफिसात चिऊसाठी टाळ्या वाजल्या. चिऊ हे घरातलं नाव. ऑफिसात ती डिझायनर मॅडम. बूट विकणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटची पानं तीच सजवायची. पंधरा दिवसांपूर्वी तिने प्रत्येक जोडाखाली एक लाल घड्याळ बसवलं होतं : ‘ही किंमत फक्त दहा मिनिटं!’ आकडे भराभर उतरायचे आणि विक्री भराभर चढायची. मालक खूश झाले. म्हणाले, “सोमवारपासून सगळा विभाग तुझ्या हाताखाली!”

चिऊ तरंगतच घरी आली. तिला लहानाची मोठी करणारी आत्या पाय स्टुलावर ठेवून भाजी निवडत बसली होती. आत्याने तीस वर्षं बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायांत जोड चढवले होते.

“आत्या, बढती!”

“अगं बाई! कशाबद्दल?”

“दाखवतेच. चल, तुझ्यासाठी एक जोड घेऊ.”

लॅपटॉप टेबलावर आला. आत्याने चष्मा चढवला. “हा करडा बरा आहे. टाच रुंद दिसतेय. चामडं कसलंय, ते कुठं लिहिलंय?”

“खाली, बारीक अक्षरात.”

“आणि हे लाल काय पळतंय?”

“तेवढ्या वेळात घ्यायचं. नाहीतर किंमत वाढते.”

झालं! आत्याचं वाचणं तिथेच थांबलं. नजर आकड्यांवर खिळली. “थांब थांब... माप अडतीस... अगं, एवढीच मिनिटं राहिली! दाबू का? दाबते!”

तिने बटण दाबलं आणि दुसऱ्याच क्षणी कपाळावर हात मारला. “अरे देवा, मी सदतीस दाबलं! चामड्याचं तर वाचलंच नाही. तीस वर्षं बूट विकले मी, आणि मलाच घाई झाली?”

चिऊला हसू आवरेना. तिने मागणी रद्द करून पान पुन्हा उघडलं. घड्याळात पुन्हा पूर्ण दहा मिनिटं होती.

आत्याने भुवया उंचावल्या. “पुन्हा दहा? मग मघाची दहा कुठं गेली?”

“ती... पान उघडलं की नव्याने सुरू होतात.”

“म्हणजे किंमत वाढतच नाही?”

“नाही.”

आता चिऊचं हसू मावळलं.

“चिऊ, सकाळी कुणी बूट घ्यायला आलं की मी सांगायचे, संध्याकाळी या. दिवसभर उभं राहून पाय फुगतो. सकाळी नीट बसलेला बूट संध्याकाळी चावतो. आमचा मालक डोळे वटारायचा, आलेलं गिऱ्हाईक घालवतेस म्हणून!”

“मग? यायचे परत?”

“काही नाही यायचे. पण जे यायचे ते दारातूनच मला शोधायचे. पुढे आपल्या पोरांनाही माझ्याकडेच आणायचे.”

“पण आत्या, आम्ही जबरदस्ती कुठं करतो? बटण तर गिऱ्हाईकच दाबतं.”

“दाबतं गं. पण विचार करायचा वेळ तू काढून घेतेस, तोही खोटं बोलून! मी दुकानाच्या दारात उभी राहून, ‘दहा मिनिटांत शटर पाडते’ असं दिवसभर ओरडले असते, तर तू मला काय म्हणाली असतीस?”

चिऊकडे याचं उत्तर होतं. ‘खोटारडी!’ असंच ती म्हणाली असती. आणि मग ते उत्तर आपल्यालाच लागू पडतंय, हे तिला लख्ख दिसलं!

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच मालकांपुढे उभी राहिली. “साहेब, घड्याळ काढायचंय.”

“वेड लागलं का? त्याच्यावरच तर तुला बढती दिली!”

“ती परत घ्या हवं तर. खोटी घाई आता माझ्या हातून होणार नाही.”

“आणि विक्री पडली तर?”

“सुरुवातीला पडेलच. पण गोदामात विचारून आले मी. पंधरा दिवसांत नेहमीच्या तिप्पट जोड परत आलेत. लोकांनी लिहिलंय, ‘घाईत माप चुकलं.’ यातले किती लोक पुन्हा आपल्याकडे येतील?”

मालकांनी पेन खाली ठेवलं. “घड्याळाच्या जागी काय लावशील?”

“संध्याकाळी कागदावर पाय ठेवून माप कसं घ्यायचं, ते मोठ्या अक्षरात. आणि एक बटण, ‘उद्या ठरवा’.”

“दुकानदाराने असं सांगायचं?”

“माझी आत्या तीस वर्षं सांगत होती.”

मालकांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाले, “एक महिना देतो. बढती तोवर टांगलेली.”

“चालेल!” चिऊ म्हणाली.

महिनाअखेरीस विक्री घड्याळाच्या दिवसांपेक्षा जरा कमीच भरली. पण परत येणारे जोड बोटांवर मोजण्याइतके उरले होते, आणि जुनी गिऱ्हाइकं दुसऱ्या खरेदीला येऊ लागली होती. मालकांनी बढतीचं पत्र सही करून चिऊच्या हातात ठेवलं.

मंडळी, प्रत्येक वेबसाइटमागे अशी चिऊ असेलच असं नाही. म्हणून शहाणपण आपणच बाळगायचं. पान आपल्याला पळवायला लागलं की बोट मागे घ्यायचं, बारीक अक्षरं वाचायची आणि स्वतःला विचारायचं : ही घाई माझी, की त्यांची? गरजेची वस्तू उद्याही गरजेचीच असते. आणि उद्या जी नको वाटेल, ती आज घ्यायचीच कशाला?