केळीचा चीक

मोज्याचं तोंड पुन्हा सैल होऊन खाली आलेलं… गुलाबी मोजा, त्यावर मांजराचं चित्र. दिपमालानं तो ओढून वर केला आणि मांडीवरच्या ऋतिकानं लगेच पाय झाडून परत खाली आणला. चोपड्याच्या बाजारातून मुद्दाम आणलेले मोजे. एप्रिलच्या उन्हात, पत्रे तापून घरात जीव कोंडतो अशा दिवसांत, तीन वर्षांच्या पोरीला मोजे! सतरंजीवरच्या बाया बघून हसल्या. हसा म्हणावं. तुमच्या बापाचं काय जातं?

पालक आधार केंद्र. नाव तरी बघा! ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीला पिवळा रंग फासला, भिंतीवर हसणारी पोरं काढली, आणि धुळ्याहून ही मेघाताई येऊन बसली. हिला ना नवरा ना पोर, आणि आई कसं व्हायचं ते आम्हाला शिकवणार. मुलाशी बोला. त्याच्या डोळ्यांत बघून बोला. रोज थोडा वेळ फक्त मुलाचा ठेवा… अगं बाई, माझा वेळ माझा तरी आहे का? उजाडलं की मुकादमाची गाडी गल्लीच्या तोंडाशी हॉर्न मारते, मग दिवसभर केळीच्या फण्या धुवायच्या आणि खोकी भरायची. नवरा, नवल, ट्रक घेऊन पंजाबकडे गेला की त्याचा फक्त फोन येतो. सासू थोरल्याकडे जाऊन बसली, जाताना तोंडावर सांगून गेली, तुझी पोर तू बघ.

बघते ना. मळ्यात नेली तर शेततळं आहे, आत गुळगुळीत प्लास्टिक, घसरलं की मोठा माणूस वर येत नाही. घरात मोकळी सोडली तर विळा आहे, गॅस आहे, आणि कडी काढून रस्ता गाठायला ती शिकली आहे. म्हणून बाजेचा पाय. म्हणून जुन्या साडीची चिंधी, सुती, काठ काढून टाकलेली, पोरीला टोचू नये म्हणून — आणि म्हणे आम्ही काळजी घेत नाही! हाताशी मुरमुऱ्यांची वाटी असते, पाणी असतं. सुरुवातीला ती रडायची, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचं. मग रडणं थांबलं. आता चिंधी हातात घेतली की ती आपणहून पाय पुढे करते… ते आठवायचं नाही. ते सोडून काहीही आठवावं.

केंद्राच्या मागच्या खोलीत दिवसभर पोरं सांभाळतात, हे तिला माहीत होतं. पाळणे होते, खिचडी होती, एक बाई खास त्यासाठी होती. पण जागा थोड्या, म्हणून ज्यांच्या घरी कोणीच नाही त्यांना आधी, आणि ते सगळ्यांसमोर बोलून दाखवायचं. घरातली अडचण सांगा, मन मोकळं करा. आणि सांगितलं की काय होतं? पारोळ्याकडच्या एका बाईनं असंच मन मोकळं केलं तर पोर उचलून बालगृहात नेलं. कोणी पाहिलं नव्हतं, पण गाडीवरच्या सगळ्या बायांना माहीत होतं. त्यामुळे मागच्या वेळी विचारलं तेव्हा दिपमालानं फटकन सांगितलं होतं, माझी आई आलीय जामनेरहून, ती सांभाळते. आई आली होती हे खरं. आठवडाभर राहून गेली हे सांगायचं राहिलं.

"किती उकडतंय तिला," मेघाताई खाली बसली आणि कोणी काही म्हणायच्या आत तिनं मोजा काढला.

घोट्याभोवती काळपट कडं.

"दिपमालाताई, हे काय आहे?"

आवाज हळू होता. रागवली असती तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. दिपमालाच्या ओठांपर्यंत एक वाक्य आलं. बांधते मी तिला. एवढंच. बांधते मी तिला, ताई, दुसरं काय करू…

तेवढ्यात शेजारची इंदिराबाई पुढे वाकली. तिच्याच गाडीवरची, सगळ्यांची अक्का. तिनं कडं नीट बघितलं, त्यावर अंगठा फिरवला — ऋतिकानं पाय मागे घेतला — आणि ती खदखदून हसली.

"अवं ताई, केयीना चीक शे तो! आठे बठ्ठास्ना आंगले ऱ्हास. धुयाना लोकस्ले काय माहीत!"

सगळ्या हसल्या. केळीचा चीक इथे सगळ्यांच्याच अंगाला; कोणी हात पुढे केले, कोणी पदरावरचे डाग दाखवले. मेघाताईचा चेहरा लाल झाला.

"सॉरी हं. मला खरंच वाटलं… आमच्याकडे केळी नाहीत ना." आणि ती पुढच्या बाईकडे वळली.

जिरली! दिपमालाला आनंद झाला, अगदी उघड आनंद झाला. परतताना पोर कडेवर हलकी लागत होती. भिंतीच्या सावलीतून इंदिराबाई आणि ती चालल्या होत्या आणि कोपऱ्यावर इंदिराबाई थांबली, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली,

"उद्यापशी जरा वर बांधत जाय. पोटरीले. कोनले दिसाव नही." आणि पुढे, सहज, "आम्हना पोरे बी असाच वाढनात. मरी गयात का?"

म्हणजे हिला कळलं होतं. अंगठा फिरवला तेव्हाच कळलं होतं, आणि कळून ती हसली. वाचवलं म्हणे! कोणाला वाचवलं, अक्का? आणि ती मेघाताई… एवढ्या लवकर मानायचं असतं? शिकलेली आहेस ना तू? चिकाचा डाग दुखतो का? पोरीनं पाय मागे घेतला तो तुझ्या डोळ्यांसमोर घेतला, डोळ्यांत बघा म्हणून आम्हाला सांगतेस आणि तुला तेवढं दिसलं नाही? अजून एकदा विचारलं असतंस. एकदाच. मी सांगितलं असतं गं, आई नाही घरी, कोणीच नाही, बाई.

"चाल ना," इंदिराबाई म्हणाली.

दिपमाला उभीच राहिली. मागे वळलं तर केंद्राचं दार दिसलं असतं, ते अजून उघडंच असणार. ऋतिका खांद्यावर डोकं टाकून होती, आणि दिपमालाचा हात नकळत तिच्या पोटरीवर गेला होता, बोटं पोटरीभोवती फिरत होती, पोटरी घोट्याहून जाड, चिंधी आता थोडी लांब लागेल — आणि ती बोटं आपली आहेत हे तिला कळलं तेव्हा तिला त्यांची भीती वाटली.