मशीनची भिशी

ताजुद्दीनच्या मोबाईलवरच्या खेळात तीन कलिंगडं एका रांगेत आली आणि खोलीत अशी आरोळी उठली, की सौदीतल्या जुबैलच्या कारखान्यांचे भोंगे म्हणे लाजून गप्प बसले. मोबाईलमधून पिपाणी वाजली, सोन्याची नाणी पडद्यावरून धो धो वाहायला लागली. एक म्हातारा तर खाली हात धरून बसला, चुकून एखादं नाणं बाहेर पडलं तर म्हणून!

"बघितलंत?" ताजुद्दीनने अत्तर लावलेल्या रुमालाने मोबाईल पुसला. "मी नुसती फुंकर मारली. मशीन मला ओळखते."

जुम्म्याची नमाज आटोपून सगळे कोकणी बाप्ये हनीफच्या घरी जमले होते. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी इथंच भिशी निघायची. प्रत्येकाने आपला हिस्सा टाकायचा, दूध पावडरीच्या डब्यातून एक चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव निघेल त्याने सगळी थैली उचलायची. कागद नाही, सही नाही. डबा हनीफच्या हातात आहे, एवढं पुरे. पण आज डबा फडताळावर पडून होता. पडद्याआडून चहा ओतता ओतता रईसा तो डबा बघत होती.

हनीफ तिचा नवरा. मोबाईल दुरुस्तीत त्याचा हात असा, की मेलेला फोनसुद्धा उठून सलाम करील, असं लोक म्हणायचे. मग सरकारचा हुकूम आला : मोबाईलच्या दुकानांत फक्त सौदी माणसं बसणार. कफील, म्हणजे दुकानाचा सौदी मालक, भला होता. हिशेब चोख चुकता केला, गळ्यात पडला आणि 'खलास' म्हणाला. त्या पैशात कोकणात हर्णैला होडी घ्यायची ठरली होती. होडीचं नावही ठरलं होतं, लेकीचं : सुहाना. रोज जेवताना हनीफ लेकीला सांगायचा आणि रोज होडी हातभर लांब व्हायची. शेवटी ती एवढी वाढली, की म्हणे हर्णैहून जुबैलपर्यंत पुलासारखी टेकेल आणि सगळ्यांना चालतच घरी जाता येईल!

आता जेवताना तो बोलत नव्हता. एका हाताने घास, दुसऱ्या हाताने ताजुद्दीनने फोनवर टाकून दिलेली कलिंगडं फिरवायची, होडीच्या पैशांवर. आणि त्याची कलिंगडं काही केल्या जुळत नव्हती.

"ताजूभाई, जुगार हराम आहे ना हो?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं.

"तोबा तोबा!" ताजुद्दीनने कान पकडला. "जुगारात माणूस हरतो. ही भिशी आहे भिशी! मशीनची! इथं लिहिलंय बघा, शंभरातले शहाण्णव परत. तुझा सख्खा मेव्हणा देतो का रे एवढे परत?"

"मग हनीफभाईंचे एवढे गेले ते?"

"गेले? जमा झाले! मशीनचे दिवस भरलेत. आता बाळंत होईल ती, आणि हनीफभाईच्याच मांडीवर. ज्याने टाकलं त्याचा नंबर लागणारच. भिशीत लागतो की नाही?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. भिशीत कुणाचा नंबर चुकल्याचं त्यांनी आयुष्यात बघितलं नव्हतं. आणि हनीफसारखा माणूस पैसे टाकतोय म्हणजे खरंच असणार.

रईसाने खजुराचं ताट पुढे केलं. ताजुद्दीनने खजूर उचलला, तोंडात टाकला. रईसा थबकली. डाव्या हाताने? एवढा नमाजी माणूस आणि डाव्या हाताने खातो? मग तिला दिसलं. उजव्या हाताचा अंगठा मोबाईलच्या एका कोपऱ्यावर चिकटलेला होता. कलिंगडं जुळली तरी हलला नाही, कान पकडतानासुद्धा हलला नाही.

ती मागच्या जिन्याने वर गेली आणि विभावरी टीचरला घेऊन आली. टीचर इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवायची. बाई माणूस आलेली बघून बाप्यांनी पाय आखडले.

"ताजूभाई, चहा," रईसा म्हणाली. कप काठोकाठ भरलेला, बशीतसुद्धा उकळता चहा. "दोन्ही हातांनी धरा हं, सांडेल. मोबाईल द्या इकडे."

नाही म्हणायच्या आत कप त्याच्या हातात होता आणि मोबाईल टीचरच्या.

"हनीफभाई, हा कोपरा वाचा," टीचर म्हणाली.

हनीफने वाचलं. पुन्हा वाचलं. "डेमो," तो हळूच म्हणाला. "सरावाचा खेळ आहे हा. पैसे खोटे."

"आणि गिऱ्हाईक भुलावं म्हणून मुद्दाम सैल सोडलेला, सारखा जिंकवणारा," टीचर म्हणाली. "तुमच्या फोनवर आहे तो खरा."

"पण शहाण्णव?" हनीफने आपला फोन पुढे केला. "टीचर, शहाण्णव तर लिहिलंय!"

टीचरने फडताळावरचा डबा काढला. "भिशीत निघालेली चिठ्ठी कुठं जाते?"

"बाहेर. पुन्हा डब्यात नाही टाकत."

"म्हणून प्रत्येकाचा नंबर लागतो. मशीन मात्र चिठ्ठी काढते, बघते आणि परत डब्यात टाकते. दर वेळी. तुम्ही आधी किती हरलात, तिला ठाऊकच नसतं. शहाण्णव हा जगभरच्या सगळ्यांच्या लाखो डावांचा मिळून हिशेब. तुमच्या एकट्याचा नाही. आणि आलेले परत लावले, की त्यातूनही ती पुन्हा घास काढते. लावत राहा, शेवटी ताट रिकामं."

"पण हा आकडा ठरवतं कोण?" म्हाताऱ्याने विचारलं.

"खेळ बनवणारा. बरेचदा एकाच खेळाचे दोन-तीन आकडे असतात, ॲप चालवणारा दुकानदार हवा तो निवडतो. जिथं परवाना लागतो, तिथं तपासनीस खेळ लाखो वेळा फिरवून बघतात, आकडा खोटा निघाला तर परवाना जातो. आणि तरीसुद्धा उरलेला वाटा दुकानदाराचाच! या ॲपला तर परवानाच नाही. कुणीही काहीही लिहावं. इथं सौदीत तर जुगारालाच बंदी आहे, तक्रार कुठं करणार? पोलिसात?"

ताजुद्दीनने कप खाली ठेवला आणि मोबाईलसाठी हात पुढे केला.

"तुला काय मिळतं रे यातून?" हनीफने विचारलं.

"तुम्ही हरलात की त्यातला हिस्सा," तो खाली बघत म्हणाला. "मी पण दुकानातूनच निघालो, हनीफभाई. त्याच हुकमाने."

बाप्ये उठले, त्याला बखोटीला धरून बाहेर काढायला धावले. हनीफ मात्र बसूनच राहिला.

"म्हणजे माझा नंबर..." तो म्हणाला, "येणारच नव्हता?"

रईसा म्हणाली, "नव्हता हो."

होडीचे सगळे पैसे कलिंगडांनी खाल्ले, हे लेकीला सांगायचं राहूनच गेलं. सुहानाने विचारलंही नाही, आणि तेच जास्त लागलं.

पुढच्या महिन्यात हनीफच्या घरातली शेवटची भिशी होती. मग कायमचं परत जायचं होतं. सगळे आले. एक नवा माणूस बाजूला बसून म्हणाला, "चाचा, माझ्याकडे एक ॲप आहे, शंभरातले अठ्ठ्याण्णव..."

"बाबा रे," हनीफ म्हणाला, "आकडा कितीही असू दे. निघालेली चिठ्ठी पुन्हा कुठं जाते, एवढंच विचार. डब्यात परत जात असेल, तर तुझा नंबर कुणीच राखून ठेवलेला नाही. फुंकर मारून नाही, नवस बोलून नाही, हरून हरूनसुद्धा नाही. जे कळत नाही ते आधी विचारायचं, मग खिशात हात घालायचा. मी उलटं केलं."

मग त्याने डब्यात हात घातला. त्याची स्वतःची चिठ्ठी या खेपेला पहिल्याच महिन्यात निघाली होती आणि ती थैलीही कलिंगडांनीच खाल्ली होती. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याची बोटं डब्याच्या तळाशी शोधतच राहिली.

रईसाने हळूच डबा त्याच्या हातातून घेतला आणि दुसऱ्याच कुणाचं तरी नाव काढलं.