लोकरीला विटाळ नाही

गालिचा एकदा उलटा करून बघू द्या, एवढंच दामोदर पंधरा वर्षं मागत होता. आणि सुनीताबाई पंधरा वर्षं त्याला तारखा देत होत्या. महालक्ष्म्या होऊन जाऊ देत. दिवाळी जाऊ दे. चैत्राचं हळदीकुंकू तेवढं आटपू दे. कोर्टातसुद्धा इतक्या तारखा पडत नसतील.

गालिचा बाईंच्या सासरचा. झाशीतच विणलेला, दामोदरच्या आजोबांच्या हातचा. एके काळी या गावच्या गालिच्यांचं नाव होतं. मग तुरुंगांतले कैदी फुकटात विणू लागले, पुढे यंत्रावरचे आले आणि इथले माग एकेक करून चुलीत गेले. दामोदरच्या घराण्यात नक्षी कागदावर कधी उतरलीच नव्हती. एकाने तोंडपाठ रंग म्हणायचे, दुसऱ्याने ऐकून गाठ मारायची. म्हणणारे गेले, नक्षीही गेली. उरली ती या एका गालिच्याच्या पाठीवर, कारण गाठी मोजता येतात त्या मागूनच. पुढून नुसती लव दिसते. झाशीजवळच्या बबीन्याच्या लष्करी छावणीत सतरंज्या विकून पोट भरणाऱ्या दामोदरने सुनेला गाठ शिकवली होती. तिला द्यायला नक्षी मात्र त्याच्याकडे नव्हती.

या वर्षी तो आला तो डॉक्टरचा कागद घेऊनच. काचबिंदू. एक डोळा गेलेला, दुसरा सहा-आठ महिन्यांचा सोबती. आता मात्र सुनीताबाईंना तारीख सुचेना. त्यांनी मुलाला, आशुतोषला, गालिचा उलटा करायला सांगितलं.

आशुतोष हसत हसत पुढे झाला. त्याला आईला चकित करायचं होतं. गेल्या महिन्यात ती भोपाळला गेली असताना त्याने गालिचा ग्वाल्हेरच्या एका दुकानात नेऊन आणला होता. कडा उसवत होत्या, म्हणून दुकानदाराने पाठीला रबराचा डिंक फासून वर जाड कॅनव्हास चिकटवून दिलं होतं. मुलगा कारखान्यात इंजिनिअर; वस्तू पक्की झाली म्हणजे सुधारली, असं त्याचं सरळ गणित.

दामोदरने त्या खाकी पाठीवरून बोटं फिरवली. बराच वेळ फिरवली. आशुतोषला काय झालं ते कळलं तेव्हा त्याने कोपऱ्यातलं कॅनव्हास ओढून पाहिलं, तर गाठीच त्याला चिकटून बाहेर आल्या. आता एकच वाट उरली होती. पुढच्या बाजूने चिमट्याने एकेक गाठ उपटायची, तिचा रंग लिहून ठेवायचा. नक्षी हाती लागेल, गालिचा उरणार नाही. दामोदरने हे सांगितलं खरं, पण आपल्या आजोबांचं काम मोडा असं आपण सांगणार नाही म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

तीन दिवस सुनीताबाईंना अन्न गोड लागेना. आशुतोष स्वतःला दोष देत होता आणि त्या त्याला देऊ देत होत्या, याची त्यांना जास्त लाज वाटत होती. लोकरीला विटाळ नाही, हे सासूबाईंनी त्यांना लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला सांगितलं होतं. या गालिच्याचे उभे-आडवे धागेही लोकरीचे. कुणी शिवलं तरी तो सोवळ्याला चालतो, म्हणून तर तो देवापुढे. म्हणजे धर्माच्या आड लपायलाही जागा नव्हती. दामोदर जातीचा कोरी, अस्पृश्य मानलेला विणकर; एका कोऱ्याचा हात त्यांना नको होता, बस्स. आणि त्या गालिच्यात कोऱ्याचा हात न लागलेली एक गाठ नव्हती.

चौथ्या दिवशी त्यांनी आशुतोषला पाठवून दामोदरला बोलावून घेतलं. तो येईपर्यंत गालिच्याच्या झालरीकडची पहिली ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने उपटली होती, म्हणजे त्याला नको म्हणायला जागा राहू नये. आशुतोष चौकटीचा कागद घेऊन बसला. बाई चिमट्याने गाठ काढत, रंग म्हणत. दामोदर लोकर डोळ्याशी नेऊन खात्री करी, मग आशुतोष चौकट रंगवी. बाईंना सगळा लाल तो लालच दिसे. दामोदर त्यात मंजिष्ठाच्या मुळांचा मजीठ निराळा काढी, लाखेचा लाल निराळा.

दुपारपर्यंत सहा ओळी झाल्या. सुनीताबाईंच्या पुढ्यात लोकरीचा पुंजका साठला होता. त्यांचा हात थांबला.

"दामोदरजी, महालक्ष्म्या, दिवाळी, ते सगळे बहाणे होते. तुम्ही हात लावू नये, म्हणून मी टाळत होते."

आशुतोषने मान वर केली. दामोदरने हातातली लोकर खाली ठेवली आणि पुढच्या गाठीसाठी हात पसरला.

"हमें पतो हतो, बाई साब," तो म्हणाला. "पंद्रह साल से पतो हतो. आगे बोलो."

बाईंनी चिमटा लावला. गाठ निघाली, ती त्यांनी दामोदरच्या पसरलेल्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "लाल. मजीठ की लाख, ते तुम्ही सांगा."